एप्रिलच्या पाच कार्यक्रमांची एकच बिछायत घ्यावी का?

११ एप्रिलला महात्मा फुले जयंती, १४ ला बाबासाहेबांची, २४ ला पंचायत राज दिन, ३० ला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची जयंती आणि लगेच दुसऱ्या दिवशी १ मे. ग्रामपंचायतीचा हा मानाचा महिना. सरपंचांनी प्रतिमेला हार घालायचा, अध्यक्षस्थान घ्यायचं, झेंडा फडकवायचा, ग्रामसभा चालवायची. तालुक्याच्या ठिकाणच्या एका बिछायत केंद्राने (मांडव-खुर्च्या भाड्याने देणाऱ्या दुकानाने) या पाचही कार्यक्रमांचं मिळून एक पॅकेज दिलं, त्याबद्दल हे लिहिणं आहे. मत आधीच सांगून टाकतो: घ्यावं, पण साउंड आणि झेंडा त्यातून वगळून.

पॅकेजमध्ये ३० बाय ६० फुटांचा कापडी मांडव, १२ बाय १६ चा मंच, ३०० खुर्च्या, सतरंज्या, गाद्या-लोड, चार कूलर, साउंड, झेंडा आणि प्रत्येक कार्यक्रमाला थंड पाण्याचे दहा जार. खुर्च्या धुतलेल्या येतात, वेळेवर येतात. उतरवताना आणि नेताना शिपायाने मोजून वहीवर सही घेतली की तुटफुटीचा वाद राहत नाही. मात्र ३०० चा आकडा फसवा आहे. येण्याजाण्याची वाट धरून एका खुर्चीला साधारण ६ चौरस फूट लागतात. ३० बाय ६० म्हणजे १,८०० चौरस फूट. त्यातून मंच गेला, मंचासमोरची मोकळी जागा गेली, कूलर गेले, तर २५० च्या वर खुर्च्या बसत नाहीत. उरलेल्या उन्हात लागतात आणि त्यावर नेमक्या उशिरा आलेल्या म्हाताऱ्या बायाच बसतात. करारातच १५ फुटांचा एक गाळा जास्तीचा लिहून घ्यावा.

मांडवाचं काम पाहण्यासारखं आहे. माणसं अनुभवी आहेत, छत १२ फुटांवर बांधतात. पैसे वाचवायला आठ फुटांवर बांधलेल्या कापडाखाली गरम हवा डोक्यावरच कोंडते. एप्रिलच्या शेवटी अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा ४४ च्या वर जातो, तेव्हा हा चार फुटांचा फरक जिवावरचा असतो. नवी मुंबईत खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी उघड्या मैदानातल्या कार्यक्रमात उष्माघाताने माणसं दगावली, हे कोणत्याही सरपंचाने विसरू नये. कार्यक्रम सकाळी साडेनऊच्या आत संपवा, नाहीतर संध्याकाळी सहानंतर सुरू करा. पाहुणे उशिरा येणार असतील तर त्यांच्याविना सुरू करा.

कूलर लावताना मात्र हीच माणसं चुकतात. चारही बाजूंनी कनाती ओढतात आणि कूलर आत ठेवतात. तासाभरात आतली हवा दमट होते, घाम सुकत नाही, गारवा संपतो. कूलरची पाठ मांडवाबाहेर, कोरड्या हवेकडे हवी आणि समोरची बाजू हवा निघून जायला उघडी हवी. मोठा कूलर भर उन्हात तासाला सात-आठ लिटर पाणी सहज पितो. चार कूलर, तीन तास म्हणजे शंभर लिटरच्या आसपास. हे पाणी पॅकेजमध्ये नाही, त्यामुळे टाकी आदल्या रात्री भरून ठेवावी लागते. पिण्याचे दहा जार म्हणजे २०० लिटर, अडीचशे माणसांना सकाळच्या दोन तासांपुरते पुरतात. १४ एप्रिलच्या मिरवणुकीला पुरत नाहीत, त्या दिवशी दुप्पट सांगा.

खुंट्यांवर लक्ष ठेवा. काळी जमीन एप्रिलमध्ये भेगाळलेली असते आणि भेगेत ठोकलेली दीड फुटी खुंटी हाताने उपटून येते. तीन फुटांची सळई मागा, वरचं टोक मांडवाच्या उलट बाजूला कललेलं हवं, शिवाय प्रत्येक खांबाच्या बुडाशी रेतीचं पोतं. अवकाळीचं वादळ येताना दिसलं तर आधी माणसं बाहेर काढा, मगच समोरासमोरच्या कनाती एकदम सोडा. फक्त वाऱ्याकडची सोडली तर मांडवात हवा भरते आणि अख्खं छत उचललं जातं.

आता विजेचं. या केंद्राचा सगळ्यात मोठा दोष हाच. शाळेच्या मीटरवरून ६० मीटर लांब, १ चौरस मिलिमीटरची पातळ वायर ओढली जाते. चार कूलर आणि अँप्लिफायर मिळून सहा अँपिअरच्या आसपास ओढतात. एवढ्या भाराला त्या वायरीतच १२-१३ व्होल्ट पडतात, गावठाण फीडरचा, म्हणजे गावाच्या वीजलाइनचा, दाब आधीच कमी असला की अँप्लिफायर घरघरतो, कूलर मंदावतात. तांब्याची २.५ ची वायर घेतली तर पडझड पाच व्होल्टांवर येते. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे लोखंडी खांब, ओला कूलर आणि जोडावर नुसती चिकटपट्टी. ३० मिलिअँपिअरचं ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारं बटण) बसवल्याशिवाय वीज जोडू देऊ नका, आणि त्याचं टेस्ट बटण दाबून ते पडतं का ते स्वतः पाहा. जनरेटर असेल तर त्याला अर्थिंग दिलं आहे का, हेही तेव्हाच विचारा.

साउंड वगळा म्हणण्याचं कारण वेगळं. बॉक्स मंचाच्या मागच्या कोपऱ्यात ठेवतात, म्हणजे बोलणाऱ्याच्या पाठीमागे. आवाज परत माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते, मग ऑपरेटर आवाज कमी करतो आणि मागच्या ओळीतल्या बायांना काहीच ऐकू येत नाही. ग्रामसभेत हे चालणार नाही, तिथे ठराव ऐकूनच हात वर करायचा असतो. बॉक्स माइकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून हवेत. ३० एप्रिलच्या सामुदायिक प्रार्थनेला तर यांची पद्धत अजिबात जुळत नाही. तिथे खुर्च्या नकोत. सतरंज्या, सरळ ओळी, अधिष्ठानाची (समोरच्या पूज्य आसनाची) स्वच्छ पांढरी गादी हवी. खंजिरीला गुडघ्याच्या उंचीवर वेगळा माइक लागतो आणि त्याचा गेन (आवाज पकडण्याचा जोर) कमी ठेवावा लागतो, नाहीतर थाप फाटून ऐकू येते. गावातल्या भजन मंडळाचा साउंडवाला हे न सांगता करतो. रात्री १० नंतर भोंगा बंद आणि पोलिस ठाण्याची परवानगी आधी, हे कोणाचंही साउंड असलं तरी सारखंच.

झेंडा ग्रामपंचायतीचा स्वतःचाच, खादीचा असावा. पॅकेजमधला पॉलिएस्टरचा होता. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ते कापड ध्वजसंहितेत बसतं, पण त्याचं माप ३:२ मध्ये बसत नव्हतं. ३० एप्रिलच्या संध्याकाळी कप्पीला तेल द्या, दोरी वरपर्यंत ओढून पाहा, दुसऱ्या कापडाची घडी बांधून गाठ एका झटक्यात सुटते का ते तपासा. घडीत फुलांच्या पाकळ्या मूठभरच ठेवा, जास्त भरल्या की गाठ ताणली जाते आणि सुटत नाही. बांधताना केशरी वर असल्याची खात्री दोघांनी करावी.

१ मेच्या ग्रामसभेसाठी मंचापेक्षा प्रवेशाजवळचं टेबल महत्त्वाचं. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल तेवढी माणसं लागतात. सह्यांचं एकच रजिस्टर असलं की रांग लागते आणि लोक सही न करता आत जातात. दोन टेबलं, दोन रजिस्टरं, बायांसाठी एक वेगळं. टेबलं पॅकेजमध्ये नाहीत, पण सांगितलं तर हे केंद्र पैसे न घेता आणून देतं.

बिल पक्कं मिळतं, प्रत्येक कार्यक्रमाचं वेगळं मागितलं तर तसंही देतात. शाल-श्रीफळ आणि हार त्यांच्याकडून घेऊ नका, बाजारात स्वस्त मिळतात.