गोळी की तांबी?
कंडोम फाटला, आता काय? बीड-जालन्याकडं बहुतेकींना मेडिकलवरची गोळीच आठवते. आशाताईंकडंही ती मिळते. लेव्होनॉरजेस्ट्रेलची ही १.५ मिलिग्रॅमची गोळी ७२ तासांत घ्यायची, पण तिसऱ्या दिवसाची वाट बघू नका. ती बीज बाहेर पडणं लांबवते. ते आधीच सुटलं असेल तर फारसा उपयोग नाही. मळमळ होते, पाळी मागंपुढं होते. दोन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते.

तांबी, म्हणजे गर्भाशयात बसवायची कॉपर-टी, ५ दिवसांपर्यंत बसवता येते, ९९ टक्क्यांहून जास्त खात्रीची, आणि पुढंही वर्षानुवर्षं चालते. मात्र ओटीपोटात कळा येतात, पाळीत रक्तस्राव वाढतो. अंगात रक्त कमी असेल तर डॉक्टरांना आधी सांगाच. दवाखाना गाठणं जमत असेल, तर मी तांबीच सुचवीन.