रुबिकॉनवरच्या श्रमदानाची अवजारं: कोणती न्यावीत, कोणती घरी ठेवावीत

कॅलिफोर्नियातली रुबिकॉन ट्रेल ही खडकाळ जीपवाट म्हटली की डोळ्यांपुढे येते ग्रॅनाइटच्या धोंड्यांवर एक चाक हवेत ठेवून तिरकी उभी असलेली जीप. जॉर्जटाउनमधून जीपांची पहिली मोठी फेरी 1953 साली या वाटेनं गेली. 2003 मध्ये जीप रँग्लरच्या एका मॉडेलला याच ट्रेलचं नाव मिळालं. त्यामुळे इथल्या श्रमदानाच्या दिवशी नव्यानं येणारी मंडळी विंच (गाडीवरचं दोर ओढणारं यंत्र), जॅक, साखळ्या असा जंगी सरंजाम घेऊन येतात. बहुतेक वेळा यातलं काहीच लागत नाही. कठीण ट्रेलवर कठीण ठेवायची असते ती चढण. दुरुस्त करायची असते ती पाण्याची वाट. ही अवजारं त्याच कसोटीवर तपासली आहेत. सॅन फ्रान्सिस्को बे एरियातून वर्षाकाठी एखाद-दुसऱ्या शनिवार-रविवारी मदतीला जाणाऱ्यांना पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही, एवढं यातून कळावं.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण तिच्याशिवाय अवजाराचं मोल कळत नाही. लून लेकपासून लेक टाहोच्या बाजूला टाहोमाजवळ उतरणारी ही वाट बहुतेक ठिकाणी सहा हजार फुटांच्या वर आहे आणि बर्फ हटायला जून उजाडतो, कधी जुलैही. एल डोराडो काउंटीच्या दप्तरी तो सार्वजनिक रस्ता आहे, पण देखभाल न होणाऱ्या रस्त्यांपैकी. 2009 मध्ये तिथल्या प्रादेशिक जल-गुणवत्ता मंडळानं काउंटी आणि वनविभाग दोघांनाही स्वच्छतेचा आदेश काढला. कारणं तीन: ओढ्यात वाहून जाणारी माती, सांडलेलं तेल आणि उघड्यावरची घाण. आजही श्रमदानातलं बरंचसं काम याच तीन गोष्टींभोवती फिरतं. आणि हे काम परवानगीशिवाय करायचं नसतं. दगड हलवणं, झाड कापणं, नवा चर खणणं हे स्वतःच्या मर्जीनं केलं तर वनजमिनीवर तो गुन्हा ठरतो, हेतू कितीही चांगला असो. संस्थेनं किंवा काउंटीनं आखलेल्या कामाच्या दिवशीच जा.

मॅक्लाऊड. पाचपैकी पाच. एका बाजूला जाड दातांचा दंताळा, दुसऱ्या बाजूला दहा-अकरा इंच रुंद सपाट पातं, दांडा चार फुटांचा. कॅलिफोर्नियातल्या सिएरा राष्ट्रीय वनातल्या माल्कम मॅक्लाऊड नावाच्या रेंजरनं 1905 च्या सुमारास आगीशी लढण्यासाठी हे बनवलं. आग विझवायला हे कितपत कामाचं ते अग्निशामक सांगतील. ट्रेलवर मात्र यासारखं दुसरं नाही. दात गाळ आणि पाचोळा ओढतात, पातं उंचवटा तासतं आणि उभं धरून आपटलं की तेच धुमस होतं. विकत घेताना एकच परीक्षा करा: पातं जमिनीवर टेकवून दांडा सोडून द्या. अवजार आपल्या पायावर उभं राहिलं पाहिजे. पडलं तर तळाला बोल्टचं डोकं बाहेर आलेलं आहे, आणि तसं मॅक्लाऊड माती ठोकताना दर वेळी खड्डा पाडतं. नट सैल होणं हा याचा एकमेव जुना आजार, खिशात पाना ठेवा. मिसुरीतली एक कंपनी जुन्या नांगरी तव्यांच्या पोलादापासून अशी अवजारं बनवते. नाव ‘रोग हो’. मराठीत लिहिल्यावर शाप वाटतो, पण तव्याचं पोलाद धार छान धरतं.

हे वापरायचं कसं, ते नीट सांगायला हवं, कारण पहिल्यांदा येणारे जवळजवळ सगळे उलट्या टोकापासून सुरुवात करतात. उतारावरून येणारं पाणी वाटेबाहेर काढण्यासाठी ठरावीक अंतरावर लांबट खोलगट भाग आणि त्यापुढे लांबट उंचवटा केलेला असतो. हिवाळ्यानंतर खोलगट भाग गाळानं भरतो. पाणी उंचवटा ओलांडून चाकोरीतच राहतं आणि सिएरा नेवाडा डोंगरातला कुजका, भुसभुशीत ग्रॅनाइट साखरेसारखा विरघळत खाली ओढ्यात जातो. उपाय खालून वर करायचा. प्रथम बाहेर जाणारं तोंड मोकळं करा, निदान तीन फावड्यांइतकं रुंद. तिथे पाचोळ्याचा बांध असेल तर वरची सगळी मेहनत वाया. मग खोलगट भागातला गाळ जुनी टणक जमीन लागेपर्यंत ओढा. तो गाळ तोंडातून बाहेर ढकलू नका, तो पुढच्या पावसात ओढ्यातच जाईल. घमेल्यानं उचलून उंचवट्यावर दोन-तीन इंचांच्या थरात पसरा, थोडा ओलावा असताना ठोका, मग पुढचा थर. कोरडी माती ठोकली तर पहिल्याच टायरखाली ती पिठासारखी उडते.

खोलगट भाग आणि उंचवटा वाटेला काटकोनात धरलेल्या आडव्या रेषेपासून 30 ते 45 अंश तिरके असावेत. कोन कमी पडला की पाणी थबकतं आणि गाळ मध्येच बसतो. जास्त झाला तर तोंडाशी घळ पडते, तिथे मग मुठीएवढे दगड दाबून बसवावे लागतात. आणि उंचवटा लांब हवा. पायवाटेवर चालणारा आडवा ओंडका गाड्यांच्या वाटेवर महिनाभरही टिकत नाही, कारण आखूड उंचवट्यावर चाक घसरून फिरतं आणि माती उकरतं. चढ-उतार मिळून जीपच्या पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराहून, म्हणजे आठ ते दहा फुटांहून, लांब ठेवा. शेवटी दोन बादल्या पाणी वरून ओतून पाहा. हा वेळ वाचवणाऱ्याला पुढच्या वर्षी तेच काम पुन्हा करावं लागतं.

पुलास्की. चार. कुऱ्हाड आणि कुदळ एकाच दांड्यावर, डोकं साडेतीन-पावणेचार पौंडांचं. 1910 च्या महावणव्यात आपली माणसं वाचवणाऱ्या एड पुलास्की या रेंजरच्या नावानं ओळखलं जातं. मुळं तोडायला आणि घट्ट जमीन फोडायला उत्तम. एक तारा कमी तो जागेमुळे. रुबिकॉनवर मातीखाली इंचभरावर दगड असतो आणि कुदळीची धार अर्ध्या तासात बोथट होते. त्यामुळे दहा इंची कानस बरोबर हवीच. बोथट पुलास्की उसळते आणि नडगीवर येते. खांद्यावर टाकून चालू नका, दांडा मध्ये धरून उताराच्या बाजूच्या हातात खाली न्या. दोन माणसांत निदान दहा फूट अंतर ठेवा. बटाट्याच्या रांगेसारखे चिकटून उभे राहणारे गट दुपारपर्यंत कुणाला तरी दवाखान्यात पोचवतात.

पहार. पाच, आणि ही आपल्याला शिकवायची गरज नाही. गडावर श्रमदान केलेल्या कुणालाही ती हाताळता येते. पाच फूट लांब, सव्वा इंच जाड, अठरा पौंडांच्या आसपास. टोकापासून चार इंचांवर टेकू ठेवला तर चौदापट जोर मिळतो, म्हणजे 50 किलोच्या दाबाला 700 किलोचं उत्तर. दोन फुटी ग्रॅनाइटचा चौकोनी धोंडा साधारण 600 किलोंचा भरतो, म्हणजे एक माणूस तो निदान उचकटू शकतो. चूक होते ती टेकूत. सुट्या खड्यावर पहार टेकवली तर तो खडा गोळीसारखा उडतो. सपाट दगड किंवा लाकडाचा ठोकळा टेकू म्हणून घ्या. दगड एक इंच उचलला की खाली पाचर, मग पुढचा इंच. बोटं दगडाखाली कधीच नाहीत, पाचर सारायलाही नाहीत, ती काठीनं सारा.

पहारीचं खरं काम वाट अडवणाऱ्या दरडी हटवणं हे नाही. लोकांनी चढणीला घाबरून बाजूनं पाडलेल्या चोरवाटा बंद करणं हे आहे. त्या गवताळ ओल्या भागातून जातात आणि एका हंगामात पाण्याला नवा पाट देतात. तिथे धोंडा नुसता ठेवू नका, पुढचा जीपवाला विंच लावून बाजूला करतो. तिसरा हिस्सा जमिनीत पुरा, शेवाळी बाजू वर ठेवा, आजूबाजूला पाचोळा पसरा. तिथे कधी वाट होती असं वाटताच कामा नये. उलट मूळ चढणीत दगड भरून ती सोपी करणं हा इथल्या लोकांच्या मते गुन्हाच, आणि ते बरोबर आहेत. शिवाय सुट्या दगडांची पायरी पहिल्या चाकातच विस्कटते.

ग्रिपहॉइस्ट, म्हणजे हातानं चालणारा टिरफोर. गटासाठी पाच, एकट्यासाठी दोन. लिव्हर मागे-पुढे केला की आतल्या दोन जबड्यांच्या जोड्या आळीपाळीनं दोर पकडतात आणि वजन काही सेंटिमीटर सरकतं. अमेरिकेत मिळणाऱ्या टीयू-28 मॉडेलची क्षमता 4,000 पौंड, दोर 7/16 इंची, आणि तोच, कंपनीचाच दोर वापरायचा. जाडीत थोडा फरक पडला तरी जबडे नीट पकडत नाहीत. पुली लावली की जोर जवळजवळ दुप्पट, वेग अर्धा. गाडीच्या विंचपेक्षा हा सरस का? विंचसाठी गाडीच काम करण्याच्या जागी आणून, अडवून, चाकांना ओट लावून उभी करावी लागते. ती अरुंद घळीत आणता येत नाही. शिवाय विंचची छापील क्षमता ड्रमवरच्या पहिल्याच थराला असते, आणि सिंथेटिक दोर ग्रॅनाइटच्या कडेवर घासला की सुटतो. टिरफोर एका झाडाला बांधला की झाला. मात्र झाड जिवंत, जाड आणि बुंध्याशी, तीन-चार इंच रुंद पट्ट्यानंच बांधा. तारेनं साल कापली तर झाड जातं.

ओझं जास्त झालं की लिव्हरमधली पिन तुटते. ती सूचना आहे, बिघाड नव्हे. पिनच्या जागी खिळा घालणाऱ्यापासून लांब उभे राहा. पिन तुटली तरी उलट्या लिव्हरनं ताण सोडता येतो. ताणलेल्या दोराच्या कोनात आणि धोंड्याच्या उताराच्या बाजूला कुणीही नको. वाळू गेली की यंत्र जड चालतं. रॉकेलनं धुवून भरपूर तेल सोडा, तेलानं पकड सैल होत नाही. दिवसात दोन-तीन मोठे धोंडे होतात, घाई असलेल्यांनी हे अवजार मागू नये.

सिल्की कताना-बॉय ही 500 मिलिमीटर पात्याची घडीची करवत. साडेचार. आडव्या पडलेल्या पाइनच्या खोडांना पुरते, ओढताना कापते. ढकलताना जोर लावला तर पातं वाकतं किंवा टोक तुटतं. दात कडक केलेले असल्यामुळे कानसनं धार लागत नाही, पातंच बदलावं लागतं आणि ते स्वस्त नाही. चेनसॉ मात्र प्रत्येकाच्या हाती नसतो. वनजमिनीवर स्वयंसेवकालाही त्याचं प्रमाणपत्र लागतं. करवतीनं कापतानाही खोडाचा ताण बघा. दोन्ही टोकं टेकलेली आणि मध्य अधांतरी असेल तर वरची बाजू दाबलेली असते. आधी वरून एक तृतीयांश कापा, मग खालून. नाहीतर पातं चिमटलं जातं.

हाय-लिफ्ट, म्हणजे गाडी उंच उचलणारा लिव्हरचा जॅक, घरी ठेवा. पायाच्या चिमुकल्या तळव्यावर कुजक्या ग्रॅनाइटमध्ये तो रुततो, पिनांत वाळू अडकते, आणि सुटलेला लिव्हर जबडा फोडतो. स्वतःच्या गाडीसाठी बाळगायचा तर बाळगा.

सांडलेल्या तेलाचं किट मात्र प्रत्येक गाडीत हवं. ट्रेलवर त्याची आणि मैला-पिशव्यांची सक्ती आहे. पांढऱ्या पॉलिप्रॉपिलीनचे पॅड घ्या. ते पाणी नाकारतात आणि तेल शोषतात, म्हणून डबक्यावरही चालतात. एका इंजिनात पाच-सहा लिटर तेल असतं, तेवढं मावेल इतके पॅड, चार जाड पिशव्या आणि एक जुनं फावडं. पेट्रोलच्या टाकीला बारीक छिद्र पडलं तर साबणाची वडी घासून ते घटकाभर बंद होतं. तेल लागलेली मातीही पिशवीत भरून परत न्या, वरून माती लोटणं म्हणजे तेच तेल पुढच्या पावसाला देणं.

चार जणांच्या गटाला दोन मॅक्लाऊड, एक पुलास्की, एक पहार, एक गोल तोंडाचं फावडं, दोन घमेली, एक करवत पुरते. टिरफोर गटाकडे असतोच. संध्याकाळी गाडीत टाकण्याआधी पात्यांवरची माती खरवडा, धारेला म्यान घाला आणि लाकडी दांड्यांना जवसाचं तेल चोळा. तेल लागलेली चिंधी चोळामोळा करून गाडीत टाकू नका, जवसाचं तेल सुकताना तापतं आणि चिंधी आपोआप पेट घेते.