उर्दूभाषकाचा वाचाघात: भाषांतरित चाचणी की उर्दूसाठी बेतलेली?

पक्षाघातानंतर वाचाघात, म्हणजे मेंदूच्या इजेने बोलण्या-समजण्याची भाषा बिघडणं, झालेला उर्दूभाषक रुग्ण समोर आला की स्पीच थेरपिस्टपुढे दोन वाटा असतात. पहिली, वेस्टर्न अफेझिया बॅटरीसारखी इंग्रजी चाचणी शब्दशः उर्दूत आणणं. काम झटपट होतं, गुणही हाती येतात. पण शंभरपैकी ९३.८ गुणांच्या खाली वाचाघात, ही रेघ इंग्रजीभाषकांवरून आखलेली आहे. शिवाय 'नो इफ्स, अँड्स ऑर बट्स' हे वाक्य रुग्णाकडून म्हणवून घेतात ते छोटे व्याकरणी शब्द सलग जमतात का, हे बघायला. उर्दूत त्याचा अर्थ उतरतो, परीक्षा उतरत नाही.

दुसरी वाट उर्दूच्या स्वभावावर बेतलेल्या चाचणीची. 'लडके ने रोटी खाई' यात क्रियापद रोटीप्रमाणे चालतं. 'ने' गळतो का, 'खाई'चं 'खाया' होतं का, हे इंग्रजी साचा विचारणारच नाही. वाचनात तर 'स'साठी तीन अक्षरं, ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिलेलेच नसतात. ओळ उजवीकडून सुरू होते. मेंदूच्या डाव्या भागातल्या इजेने उजवी बाजू दिसेनाशी झाली, तर ओळीचा आरंभच हरवतो आणि नजरेचा दोष भाषेच्या खात्यावर पडतो.

वेळखाऊ असली तरी मला दुसरीच पटते. मात्र पाकिस्तानात कित्येकांची घरची भाषा पंजाबी, पश्तो नाहीतर सिंधी असते. तिथे नुसती उर्दू तपासणी अर्धीच. भाषाशास्त्रज्ञ मिशेल पॅराडिस यांच्या बायलिंग्वल अफेझिया टेस्टमध्ये, म्हणजे द्विभाषकांसाठीच्या वाचाघात-चाचणीत, रुग्णाचा भाषांचा इतिहासही विचारतात. सुरुवात त्या प्रश्नांनी करावी, घरच्यांना सोबत बसवून.