घरी बनवलेल्या ढालीचा रंग आणि क्लिअर कोट : आठ महिन्यांच्या वापरानंतर

नाटकातल्या लढाईच्या प्रसंगासाठी मी घरीच एका गोल ढालीची प्रतिकृती तयार केली. 6 मिलिमीटर जाडीचे प्लायवूड, 60 सेंटिमीटर व्यास, दर्शनी बाजूस लाल आणि चंदेरी गोलाकार कडी, मागे पकडण्यासाठी दोन पट्टे. आठ महिने ती तालमींत आणि प्रयोगांत सतत वापरात आहे, त्यामुळे तिच्या रंगकामाविषयी आता खात्रीने लिहिता येते.

रंगाखालच्या तयारीवर घालवलेला वेळ पुरेपूर कारणी लागला. लांबी (खाचा बुजवायची पुट्टी) भरून, वॉटर पेपरने घासून, प्रायमरचे तीन हात दिल्यामुळे लाकडाच्या रेषा आजही कुठे वर आलेल्या नाहीत.

चंदेरी रंगाने मात्र माझी परीक्षा पाहिली. नुसता असताना तो खऱ्या धातूसारखा लखलखत होता. क्लिअर कोटचा, म्हणजे रंगावर संरक्षणासाठी देतात त्या पारदर्शक थराचा, पहिला ओला हात बसताच काही क्षणांत तो राखाडी दिसू लागला. या रंगाची चमक पृष्ठभागावर सपाट पहुडलेल्या ॲल्युमिनियमच्या सूक्ष्म कणांमुळे येते आणि क्लिअरमधले द्रावक ती मांडणी विस्कटून टाकते. मी ती कडी घासून पुन्हा रंगवली, पूर्ण सुकू दिली आणि नंतर क्लिअरचे पहिले दोन हात लांबून, अगदी धुक्यासारखे विरळ दिले. चमक थोडी उतरली, पण धातूचा भास टिकला. रंग आणि क्लिअर एकाच कंपनीचे असले तरी आधी फळीच्या तुकड्यावर जोडी लावून पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन.

दुसरी चूक हवामानाची. पावसाळी, दमट दुपारी मारलेला हात दुधाळ झाला, कारण द्रावक उडताना पृष्ठभाग थंड पडतो आणि हवेतला ओलावा त्यावर धरतो. कोरड्या दिवशी वरून एक पातळ हात दिल्यावर तो डाग निवळला.

दर्शनी बाजूला मी हार्डनरवाला, म्हणजे थर कडक करणारे रसायन मिसळलेला दोन घटकांचा क्लिअर वापरला आणि मागे साधा ॲक्रिलिक स्प्रे. फरक कळायला फार दिवस लागले नाहीत. मिशा चिकटवण्याच्या गोंदाचे डाग स्पिरिटने पुसले तेव्हा पुढचा भाग जसाच्या तसा राहिला. मागचा थर मात्र मऊ पडला, बोटाला चिकटू लागला आणि तिथे अंगठ्याचा ठसा कायमचा उमटला. असे असले तरी हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचे रसायन असते आणि ते फुप्फुसांना घातक आहे. योग्य काडतुसांचा (हवा गाळणाऱ्या डब्यांचा) रेस्पिरेटर मास्क, हातमोजे आणि मोकळी हवा यांची सोय नसेल तर साध्या स्प्रेवरच समाधान मानावे. कापडी मास्क इथे कामाचा नाही.

दर्शनी भागावर आज बारीक ओरखडे आहेत. 2000 नंबरच्या वॉटर पेपरने आणि पॉलिशने ते दोनदा काढले, तरीही खालच्या रंगाला धक्का लागलेला नाही. लाल आणि चंदेरी यांच्या सीमेवर मास्किंग टेपमुळे नखाला लागणारी पायरी होती, तीही क्लिअरखाली बुजली.

कडेचे दुखणे शिल्लक आहे. तलवारीचा फटका बसला की प्लायवूड दबते, कडक क्लिअर मात्र दबत नाही. तो तडकतो आणि रंगासकट टवके उडतात. अशा सात जागा मी आतापर्यंत दुरुस्त केल्या. आता कडेला रबरी पट्टी बसवून क्लिअर तिच्या आतच थांबवणार आहे.