शनिवार-रविवारची सहल: रंगीत पेन्सिली न्याव्यात की जलरंगांची डबी?

आम्ही गोव्यात फोंड्याला राहतो. आमच्या सहली म्हणजे सकाळी डबा भरून निघायचं आणि फार तर दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाला घरी. गाडीत चित्रांची वही असतेच. आधी दोन-अडीच वर्षं रंगीत पेन्सिली नेल्या, मग जलरंगांची डबी आली, मधल्या काळात दोन्ही एकाच पिशवीत नांदत होत्या. मोठी आता दहा वर्षांची, धाकटा सहाचा. सुट्टीच्या तोंडावर ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, की मुलांना काय घेऊन देऊ. फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून हे लिहितोय. शेड किती असतात आणि कुठल्या डबीबरोबर ब्रश फुकट मिळतो, ते दुकानदार सांगेलच.

पेन्सिलींची बाजू आधी मांडतो, कारण ती खरंच भक्कम आहे. पाणी लागत नाही. घाटाच्या वळणांवर मागच्या सीटवर बसून रंगवता येतं (ज्या मुलांना गाडी लागत नाही त्यांना). देवळाच्या सभामंडपात वही उघडली तरी कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही. वही मिटली की मिटली, वाळायची वाट बघायला नको. आमच्या धाकट्यानं मंगेशीचा सात मजली दीपस्तंभ काढायला घेतला. पाचव्या मजल्यावर पान संपलं. त्यानं जराही विचार न करता उरलेले दोन मजले शेजारच्या पानावर आडवे झोपवले आणि टोकाशी एक दिवा काढला. त्या वयात ओल्या रंगात हे झालं असतं असं मला वाटत नाही. पाचव्या मजल्यापर्यंतच सगळा चिखल झाला असता. तर चार-पाच वर्षांच्या मुलांना पेन्सिली, यात माझा वाद नाही.

वाद सुरू होतो तो फेरीबोटीवर.

जुन्या गोव्याहून दिवाडी बेटावर, आणि दिवाडी ओलांडून दुसऱ्या फेरीनं नार्व्याला, असा बेत होता. नार्व्याच्या ज्या सप्तकोटेश्वराचा शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये जीर्णोद्धार करवला, तो देव मूळचा दिवाडीचा. आईला तो प्रवास देवाच्याच वाटेनं करायचा होता. बोट धक्क्याला टेकताना जो हिसका बसतो, त्यात मोठीच्या मांडीवरचा पेन्सिलींचा पत्र्याचा डबा बोटीच्या लोखंडी फरशीवर पडला. झाकण उघडलं, पेन्सिली घरंगळल्या. एका स्कूटरवाल्यानं बूट आडवा घालून चार अडवल्या, बाकीच्या आम्ही गोळा केल्या. मोजल्या, चोवीसच्या चोवीस. टोकं शाबूत. नार्व्याला त्याच पेन्सिलींनी छान चित्र झालं. आम्ही खूश.

पुढच्या रविवारी तांबडी सुर्लाला गेलो. बाराव्या-तेराव्या शतकातलं कदंबांच्या वेळचं महादेवाचं देऊळ, भोवती रान, मागून वाहणारी नदी. आमच्याकडे जिकडे तिकडे तांबडा जांभा, आणि हे देऊळ मात्र काळ्या बेसॉल्टचं. साहजिकच काळी पेन्सिल सगळ्यात जास्त चालली. टोक झिजलं, मोठीनं शार्पनर फिरवला, टोक आलं, कागदावर टेकवलं आणि ते अख्खं बाहेर आलं. पुन्हा फिरवला. पुन्हा तेच. या वेळी टोक शार्पनरच्या पात्यात अडकलं, ते मी केसाच्या पिनेनं काढलं. तिसऱ्यांदा टोक आलं तेव्हा तिनं श्वास रोखून शिखराची एक रेघ ओढली. दुसरी ओढायच्या आत ते हललं, पडायच्या बेतातला दुधाचा दात हलतो तसं. देऊळ अर्धं झालं तोवर पेन्सिल माझ्या अंगठ्याएवढी उरली होती आणि भोवती लाकडाच्या कपच्यांचं रिंगण. त्या कपच्या वेचून खिशात भरायचं काम माझ्याकडे. घरी येऊन राखाडी तपासली, जांभळी तपासली. तीच गत.

कारण सोपं आहे. रंगीत पेन्सिलीतलं शिसं हे शिसं नसतंच. रंग आणि मेण यांची मऊ कांडी लाकडाच्या दोन फळ्यांत चिकटवलेली असते. आपटली की आतल्या आत तिचे तुकडे होतात आणि लाकडाला बाहेरून चराही जात नाही. मला राग आला तो याचा. पेन्सिल पडते एका रविवारी आणि मोडते पुढच्या, तेही तुम्ही घरापासून दूर, दुकान नसलेल्या रानात असताना. नवा डबा आणला. तो दोन महिन्यांत गाडीच्या डिकीत उलटला. तिसरा मी आणला नाही. कापडी गुंडाळीत ठेवल्या तर टिकतात असं म्हणतात, आणि टिकतही असतील. आमच्या घरात वस्तू परत गुंडाळून ठेवणारं माणूस जन्माला आलेलं नाही.

आता जलरंग. घोटाळे इथंही होतात, किंबहुना जास्तच होतात, फक्त तिथल्या तिथं दिसतात. एका खानावळीत धाकट्यानं पाण्याच्या भांड्याऐवजी सोलकढीच्या पेल्यात ब्रश बुडवला. आकाश फिकट गुलाबी झालं, सगळ्यांनी वाहवा केली. पण आठवड्यात त्याचा रंग उडून तपकिरी छटा उरली आणि नारळाच्या दुधाचा तेलकट डाग पडला, ज्यावर नंतर कुठलाच रंग बसेना. रेइश मागुशच्या किल्ल्यात व्यंगचित्रकार मारियो मिरांडांची चित्रं पाहून मोठीला काळ्या पेनानं रेघा काढायचं वेड लागलं. तिनं खिडक्या, कौलं, मांजर असं बारकाईनं काढलं आणि वरून ओला ब्रश फिरवला. साधं जेल पेन होतं. मांजर मांडवीत वाहून गेलं. तेव्हापासून पाण्यानं न पसरणाऱ्या शाईचं पेन पिशवीत असतं. तेवढं एक लक्षात ठेवा.

शिवाय वाळणं. ही खरी अडचण आहे आणि मी ती लपवत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या मुलखात जुलैमध्ये चित्र वाळत नाही, ते नुसतं बसून राहतं. पहिल्या पावसाळ्यात आम्ही ओली डबी तशीच मिटून ठेवली, तर महिन्याभरात हिरव्या वडीवर पांढरी लव आली. रंगाच्या वडीत डिंक असतो, बुरशीला तो गोड लागतो. आता डबी रात्रभर पंख्याखाली उघडी राहते. कागदही जरा जाड लागतो, 300 जीएसएमचा. शाळेच्या ड्रॉइंगच्या वहीचा कागद पाण्यानं पापडासारखा फुगतो. म्हणजे वहीला पैसे जास्त पडतात, हेही खरं.

मग एवढं असून? सांगतो.

उसगाळीमळला कुशावतीच्या काठी जांभ्याच्या सड्यावर कोरलेली शिल्पं आहेत. बैल, हरणं, आणि एक चक्रव्यूहासारखी गोल गोल आकृती. मोठी त्या वाटोळ्याची नक्कल करत बसली आणि तिच्या डबीतला विटकरी रंग संपला. शिल्पांना हात लावायचा नाही हे बजावून ठेवलं होतं, म्हणून ती परत वाटेवर गेली, चिमूटभर तांबडी माती झाकणात घेतली, पाण्यात कालवली आणि त्यानंच रंगवायला लागली. रंग हुबेहूब जुळला. जुळणारच, त्याच दगडाची माती. वाळल्यावर मात्र पान हलवलं की धूळ गळायची. घरी डिंकाचं पाणी घालून पुन्हा केलं तेव्हा चिकटली. त्या दिवशी तिला कळलं की रंग म्हणजे माती अधिक डिंक. मी शिकवलं नव्हतं, मलाही नीट माहीत नव्हतं.

पांढऱ्या रंगाचंही तसंच झालं. पणजीच्या चर्चच्या त्या नागमोडी पायऱ्यांसमोर बसून धाकटा विचारत होता, पांढरा कुठाय? बायकोनं सांगितलं, तो कागदातच आहे, तू फक्त त्याच्यावर जाऊ नकोस. तो अर्धा तास जीभ बाहेर काढून फक्त आकाश रंगवत होता, पायऱ्यांच्या कडेकडेनं. हे पेन्सिलीनंही जमलं असतं, मान्य. पण ओला रंग पायरीवर ओघळेल ही धाकधूक नसती, तर तो एवढा वेळ एका जागी बसला असता का, याची मला शंका आहे.

तेव्हा मी काय सुचवेन? मूल पाच वर्षांच्या आतलं असेल, किंवा तुमच्या सहली पावसाळ्यातच होत असतील, तर खुशाल पेन्सिली घ्या, फक्त पत्र्याच्या डब्यातल्या नकोत. नाहीतर बारा वड्यांची लहान डबी, पोटात पाणी भरायचा एक ब्रश, हाताच्या पंजाएवढी जाड कागदाची वही आणि एक जुना पंचा. पंचा विसरू नका, गाडीच्या सीटची काळजी असेल तर दोन घ्या. आमची एकच पेन्सिल अजून गाडीत आहे, ती काळी, अंगठ्याएवढी. पार्किंगच्या चिठ्ठीवर हिशोब लिहायला लागते आणि ऐन वेळी तिचं टोक पडतं.

एक पान राहिलं. मे महिन्यात केरीच्या किनाऱ्यावर ब्रशमधलं पाणी संपलं, बाटलीतलं पिऊन झालेलं. मोठीनं सरळ समुद्रात ब्रश बुडवून पलीकडच्या तेरेखोलचा किल्ला रंगवला. वाळल्यावर पानावर बारीक खडे चमकायला लागले, किल्ल्यावर खरोखरची वाळू पडल्यासारखे. आम्ही ते पान सगळ्यांना दाखवलं. जूनमध्ये बरणीतलं मीठ पाझरायला लागलं तेव्हा हे पानही पाझरलं, आणि समोरच्या पानावर किल्ल्याची उलटी छाप उठली. मी म्हटलं, फाडून टाकू, बाकीची वही खराब होईल. तिनं ते सोडवून फ्रिजच्या दारावर चुंबकानं लावलं. आता सकाळी शाळेला निघताना ती त्यावर तळवा ठेवते आणि छत्री घ्यायची की नाही ते सांगते. मंगळवारी म्हणाली, घ्या. आम्ही घेतल्या नाहीत.