टास्किंग मॅनेजर : अनोळखी माणसांना एका नकाशावर बसवणारं साधन

पूर किंवा भूकंप आला की स्वयंसेवक डेव्हलपर रातोरात वेबसाइट उभी करतात, आणि पाणी ओसरलं की त्यातल्या बहुतेक बंद पडतात. डोमेनचे पैसे कोणी भरायचे, सर्व्हरचा पासवर्ड कोणाकडे, काहीच ठरलेलं नसतं. ओपनस्ट्रीटमॅप म्हणजे कोणीही भर घालू शकेल असा जगाचा खुला नकाशा, आणि आपत्तीच्या वेळी स्वयंसेवकांकडून त्यात भर घालून घेणारी संस्था म्हणजे ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम. या कामाची वाटणी करणारी तिची वेबसाइट, टास्किंग मॅनेजर, मात्र टिकली. मी पोटासाठी वेब पोर्टलं बांधते आणि जमेल तेव्हा यावर नकाशे काढायला बसते, त्यामुळे दोन्ही बाजूंनी लिहिते आहे.

मूळ हैतीच्या भूकंपात आहे. 12 जानेवारी 2010 ला पोर्ट-ओ-प्रिन्स कोसळलं, तेव्हा बचाव पथकांच्या कामाचा तपशीलवार नकाशा हाताशी नव्हता. जगभरच्या लोकांनी उपग्रह छायाचित्रांवरून गल्ल्या काढल्या आणि ओपनस्ट्रीटमॅपवर तो नकाशा तयार झाला. पण कोण कुठला भाग करतंय याचा मेळ विकीच्या पानांवर आणि ईमेलवर घालावा लागत होता. एकच गल्ली दोघांनी काढायची आणि शेजारची वस्ती कोरीच राहायची, हा अशा कामातला कायमचा धोका. टास्किंग मॅनेजर तयार झाला तो ही अडचण सोडवायला.

सगळा प्रदेश तो चौकोनांत कापतो. तुम्ही एक चौकोन घेतला की तो तुमच्या नावावर लॉक होतो, दुसऱ्याला त्यात हात घालता येत नाही. दोन तासांत परत केला नाहीत तर आपोआप सुटतो. हा निर्णय मला फार आवडतो. कोणाची वीज जाईल, कोणाचं मूल रडेल. चौकोन अडकून पडत नाही आणि त्यासाठी कोणाला कोणाच्या मागे लागावं लागत नाही.

काम थांबवताना विचारलं जातं, चौकोन पूर्ण झाला का? उत्तरं तीन : हो, नाही, आणि छायाचित्रच खराब आहे. तिसरं उत्तर ज्याने ठेवलं त्याने हे काम स्वतः केलेलं असणार. ढगाखाली काय आहे ते दिसत नसताना माणूस अंदाजाने घरं काढायला लागतो, आणि त्या घरांवरून पुढे कोणीतरी किती कुटुंबांना मदत लागेल याचा हिशोब मांडतो. खाली शेरा लिहायची जागा आहे. ‘ईशान्य कोपऱ्यात ढग, रस्ता पुढे जातो का ते बघा’ एवढं लिहिलं की पुढचा माणूस तिथूनच काम उचलतो. तुमची भेट कधीच होणार नसते.

मग दुसरा अनुभवी मॅपर तपासणी करतो, आणि गाडी अडते ती इथेच. एप्रिल 2015 च्या नेपाळ भूकंपानंतर हजारो लोक नकाशा काढायला धावले. तिथे काठमांडू लिव्हिंग लॅब्ज या नेपाळमधल्याच संस्थेची मंडळी आधीपासून काठमांडू खोऱ्याचा नकाशा करत होती, ही मोठी जमेची बाजू. एरवी काढणारे भराभर वाढतात, तपासणारे मोजकेच राहतात. नवा माणूस गवताची गंजीही घर म्हणून काढतो, आणि ते त्याला कोणी सांगेपर्यंत त्याचे आणखी चौकोन होऊन गेलेले असतात. चूक त्याची नाही. सूचना लांबलचक आहेत, आणि काम घाईचं असताना त्या कोण नीट वाचणार? पहिल्या चौकोनाआधी पाच घरांचा सराव सक्तीचा करावा असं मला मनापासून वाटतं.

फोनवर हे काम करू नका, बोटाने भिंतीची कड पकडता येत नाही. नेट मंद असेल तर छायाचित्रं उतरायलाच वेळ जातो. आणि गावाचं नाव, दवाखाना चालू आहे की बंद, हे वरून दिसत नाही. ते तिथल्याच माणसांनी भरायचं असतं.

टास्किंग मॅनेजरचा कोड खुला आहे, सर्व्हरच्या बाजूला पायथन ही भाषा आणि स्क्रीनवरच्या पानांसाठी रिअ‍ॅक्ट. आपत्तीसाठी काही नवं बांधायचं मनात असेल तर आधी यातला चौकोन लॉक करण्याचा आणि सोडण्याचा भाग वाचा. नुसता नकाशा काढायला येणार असाल तर नवशिक्यांसाठीचा प्रकल्प निवडा, आणि घर काढून झालं की कीबोर्डवरचं ‘क्यू’ (Q) दाबा. कोपरे काटकोनात बसतात आणि तपासणाऱ्याचा वेळ वाचतो.