ले एझी की काब्रेरे? खऱ्या गुहाचित्रांसाठी मुक्काम कुठे करावा

नैऋत्य फ्रान्समध्ये गुहाचित्रं बघायला निघालेल्या माणसाच्या तोंडी आधी लास्को गुहेचं नाव असतं. मूळ लास्को १९६३ पासून बंद आहे आणि माँतिन्याकला बघायला मिळते ती प्रतिकृती, हे तुम्हाला माहीत असेलच. प्रतिकृती सुरेख आहे. पण खरी भिंतच बघायची असा हट्ट असेल, तर माझ्या मते प्रश्न दोन गावांचा उरतो: वेझेर नदीकाठचं ले एझी आणि सेले नदीकाठचं काब्रेरे. मी दोन्हीकडे मुक्काम केला आहे.

नावलौकिकात ले एझी कितीतरी पुढे. १८६८ मध्ये रेल्वेचं काम चालू असताना इथल्या कड्याखाली सांगाडे निघाले आणि युरोपातल्या सुरुवातीच्या आधुनिक माणसांसाठी क्रो-मॅन्यों हे नाव जगभर गेलं. १९०१ मध्ये गावच्याच पेरोनी नावाच्या शिक्षकाने फाँ-द-गोम गुहेतली चित्रं उजेडात आणली. प्रागितिहासाचं राष्ट्रीय संग्रहालयही इथेच, कड्याला चिकटून. फाँ-द-गोममध्ये गाइड बॅटरी हळूहळू तिरकी करते आणि नुसता खडक वाटत होता तिथे एक रेनडिअर दुसऱ्याचं कपाळ चाटताना दिसायला लागतो. रंगीत चित्रांची मूळ गुहा आजही आत जाऊन बघता येते, ही चैन फ्रान्समध्ये आता फारशी उरलेली नाही.

माझं घोडं अडलं ते वेळापत्रकापाशी. भिंती जपायच्या म्हणून फाँ-द-गोममध्ये दिवसाला अगदी मोजक्या लोकांना सोडतात. ते योग्यच आहे, तक्रार नाही. पण त्यामुळे अख्खा दिवस त्या एका वेळेला बांधला जातो. ती साधली, तर जवळच्याच काँबारेल या दुसऱ्या गुहेची वेळ त्याच सुमाराला येते. मधे संग्रहालय उरकावं म्हटलं, तर जुलै-ऑगस्ट सोडून मंगळवारी ते बंद. धावतपळत जेवायला पोहोचावं, तर दोन वाजून गेलेले आणि स्वयंपाकघर आवरलेलं. खेड्यातल्या फ्रान्समध्ये ही वेळ कोणासाठी हलत नाही. आजूबाजूला इतकं बघण्यासारखं असूनही माझं लक्ष सतत घड्याळाकडे होतं. शिस्तीने आखणी करणाऱ्यांना हा त्रास कदाचित जाणवणारही नाही.

काब्रेरेत बघायची मोठी गोष्ट एकच, पेश मेर्ल ही गुहा. वस्ती जेमतेम दोनशेच्या आसपास, आणि गुहा गावच्याच मालकीची. १९२२ मध्ये दोन स्थानिक पोरांनी ती शोधली, लेमोझी नावाच्या पाद्र्याने तिचा अभ्यास केला. इथेही मर्यादा आहे, पण दिवसाला ७०० जणांची, त्यामुळे थोडं आधी आरक्षण केलं की जीव टांगणीला लागत नाही. भिंतीवरचे ठिपक्यांचे दोन घोडे साधारण २९,००० वर्षांपूर्वीचे. उजव्या घोड्याजवळ जरा रेंगाळा: खडकाची कडाच घोड्याच्या तोंडासारखी आहे, चित्रकाराने ती हेरली आणि अंगावर, अंगाबाहेर ठिपके उठवले. मिशेल लोर्ब्लांशे या अभ्यासकाने रंग तोंडात घेऊन भिंतीवर फुंकत असे घोडे पुन्हा काढून पाहिले होते. पुढे चिखलात उमटून घट्ट झालेली एका पोराची पावलं आहेत, आणि वरच्या ओक झाडाचं मूळ छतातून थेट गुहेत उतरलेलं आहे. मला चित्रांइतकंच ते मूळ आवडलं. आत थंडी असते, स्वेटर विसरू नका.

उरलेला दिवस मोकळा. नदीकाठाने मार्सिल्याकच्या पडक्या मठाकडे जा, नाहीतर सरळ फिजाक गाठा. इजिप्तची चित्रलिपी उलगडणारा शांपोलियाँ तिथलाच. शाकाहारी माणसाला बदकाच्या मुलखात दोन्हीकडे जपूनच राहावं लागतं, पण रोकामादूरचं बकरीच्या दुधाचं चीज आणि अक्रोड घातलेलं सॅलड काब्रेरेच्या बाजूला सहज मिळालं.

ले एझीला रेल्वे स्टेशन आहे. काब्रेरेला नाही, काओरपर्यंत रेल्वे आणि पुढे भाड्याची गाडी, हाच खरा पर्याय. पेश मेर्ल हिवाळ्यात बंदही असते. तेव्हा गाडी चालवायची नसेल, किंवा जाणं डिसेंबर-जानेवारीत असेल, तर निमूट ले एझीला जा आणि फाँ-द-गोमचं तिकीट हातात आल्याशिवाय मुक्कामाचे पैसे भरू नका. गाडी असेल आणि दिवस मे-जूनचे असतील, तर मी मुक्काम काब्रेरेत ठेवीन, आणि ले एझीला वाटेत संग्रहालयापुरता थांबेन. मंगळवार टाळून.